पडद्यावरचा भीम, कागदावरचा भीम

हैदराबादच्या गणपतींची विसर्जन मिरवणूक मोझमजाही मार्केट, आबिड्स करीत टँक बंडला पोचते तेव्हा तिथल्या पुतळ्यांकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. त्या पुतळ्यांत एक कोमरम भीम यांचा आहे. आदिलाबादच्या जंगलात निजामाच्या पोलिसांशी लढताना १९४० साली मारला गेलेला हा गोंड पुढारी आमच्या पिढीतल्या बहुतेक मराठी घरांना नावापुरताच माहीत होता. मार्च २०२२ मध्ये एस. एस. राजामौली यांचा 'आरआरआर' आला, त्यातल्या 'नाटू नाटू'ने पुढच्या वर्षी ऑस्कर आणले, आणि मिरवणुकीत त्या गाण्यावर नाचून आलेली आमची नातवंडे घरी येऊन विचारू लागली : आजोबा, हा भीम खरा होता का? राम आणि भीमची दोस्ती खरी होती का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, दुसऱ्याचे नकारार्थी. पण एवढ्यावर थांबता येत नाही. भीमच्या खऱ्या आयुष्यातही मैत्री होती, आणि तिच्यातला एक धागा मराठी माणसापर्यंत येतो. त्याच्यावर झालेल्या अन्यायाचा एक धागाही मराठी माणसापर्यंतच येतो. नामपल्लीच्या आसपास तीन-चार पिढ्या काढलेल्या आम्हा मराठी कुटुंबांनी हे दोन्ही धागे एकदा हातात घेऊन पाहावेत, म्हणून हा लेख.

चित्रपटातली दोस्ती

'आरआरआर'ची गोष्ट १९२० सालच्या दिल्लीत घडते. इंग्रज गव्हर्नरने उचलून नेलेली गोंडांची लहान मुलगी मल्ली हिला सोडवायला भीम जंगलातून येतो आणि अख्तर हे नाव घेऊन राहतो. राम हा इंग्रजांच्या पोलिसातला अधिकारी. दोघे एकमेकांची खरी ओळख नसताना जिवलग मित्र होतात, मग समोरासमोर उभे ठाकतात, आणि शेवटी एकत्र येऊन गव्हर्नरचा वाडा उद्ध्वस्त करतात. चित्रपट संपताना राम विचारतो, तुला काय हवे? भीम मागतो ते शिक्षण, आपल्या लोकांसाठी अक्षरे.

कथा काल्पनिक आहे हे निर्मात्यांनी सुरुवातीलाच सांगितले आहे. राजामौलींना ही कल्पना सुचली ती दोघांच्या चरित्रांतल्या एका साम्यामुळे. दोघेही तरुणपणी घर सोडून गेले, आणि त्या काळातले त्यांचे आयुष्य बरेचसे अंधारात आहे. त्या रिकाम्या जागेत त्यांनी दिल्ली उभी केली. कलावंताला तो अधिकार आहे, आणि चित्रपट आम्हीही टाळ्या वाजवत पाहिला. पण भीमची ती वर्षे पुरती रिकामी नाहीत. जोडेघाटच्या परिसरात गोंड लोक ती अजून सांगतात, आणि त्या सांगण्यात दिल्ली नाही, चांदा आहे. आपले चंद्रपूर.

खरे दोघे

अल्लुरी सीताराम राजू यांचा जन्म १८९७ चा, विशाखापट्टणमकडचा. घराणे क्षत्रिय, वृत्ती संन्याशाची. मद्रास इलाख्याच्या डोंगरी मुलखात जंगल कायद्यांनी आणि वेठबिगारीने गांजलेल्या आदिवासींना घेऊन त्यांनी ऑगस्ट १९२२ मध्ये चिंतपल्ली, कृष्णदेवीपेटा आणि राजवोम्मंगी या पोलीस ठाण्यांवर लागोपाठ छापे घातले आणि बंदुका ताब्यात घेतल्या. रंपाचे बंड म्हणतात ते हेच. मे १९२४ मध्ये इंग्रजांनी त्यांना पकडून गोळ्या घातल्या.

भीम यांचा जन्म १९०१ च्या सुमारास आसिफाबादजवळच्या संकेपल्लीचा. गोंडीत आडनाव कुमरम, तेलुगूत त्याचे कोमरम झाले. त्यांचा मुलूख इंग्रजांचा नव्हता, निजामाचा होता. त्यामुळे चित्रपटात दोघे ज्या एका शत्रूशी लढतात, तो खऱ्या इतिहासात दोघांचा एक नव्हता. राजूंपुढे इंग्रजांचा कलेक्टर होता. भीमपुढे निजामाचा जंगल खात्याचा अंमलदार, जागीरदार आणि गावचा पटवारी होता.

दोघांची कधी भेट झाली नाही. पण भीम यांच्या हकिगतीत अशी एक गोष्ट येते की आसामच्या चहामळ्यात मजुरी करीत असताना त्यांच्या कानावर राजूंच्या बंडाची वार्ता आली आणि ती मनात रुतून बसली. हजार मैलांवरच्या मळ्यात, मजुरांच्या तोंडून ऐकलेले एका अनोळखी माणसाचे नाव : या दोघांचा संबंध असला तर एवढाच. आम्हाला तो नदीच्या पुलावरच्या त्या प्रसिद्ध दृश्याइतकाच मोठा वाटतो.

चांद्याचा विठोबा

भीम लहान असताना जंगल खात्याशी झालेल्या तंट्यात वडील मारले गेले आणि कुटुंब करीमेरीजवळच्या सुर्दापूरला आले. तिथे त्यांनी जमीन कसली. पीक उभे राहिल्यावर सिद्दीक नावाचा जागीरदार त्यावर हक्क सांगत आला. भांडणात भीमच्या हातून तो मारला गेला. हे साधारण १९२० चे, म्हणजे चित्रपटातला भीम दिल्लीत मोटरसायकल उचलून फेकतो त्याच सुमाराचे. खरा भीम त्या वेळी कोंडल नावाच्या मित्राबरोबर पायी पळत होता.

पायीच, कारण काझीपेठ ते बल्लारशाह ही रेल्वे तेव्हा झालेली नव्हती. तो दुवा त्या दशकाच्या अखेरीस जोडला गेला. नामपल्लीहून रात्री सुटणाऱ्या दक्षिण एक्सप्रेसने नागपूरकडे जाताना मंचेरियाल, बेल्लमपल्ली, सिरपूर कागजनगर ही स्टेशने आमच्यापैकी अनेकांनी झोपेतच मागे टाकली आहेत. पहाटे बल्लारशाहचा चहा घेतला की आपला मुलूख आला असे वाटायचे. भीम आणि कोंडल ज्या जंगलातून सरहद्दीकडे गेले ते या रुळांच्या पश्चिमेला. निजामाची हद्द संपून मध्य प्रांत सुरू होई, आणि तिथे पहिले मोठे गाव चांदा.

चांदा ही एके काळची गोंड राजांची राजधानी. इथल्याच तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिले होते. पण गोंड राजांच्या या गावात भीमला आसरा दिला तो कुठल्या राजाने नव्हे. विठोबा नावाच्या एका छापखानेवाल्याने दिला. हकिगतीत त्याचे एवढेच नाव येते. इंग्रज आणि निजाम दोघांच्याही विरोधातला मजकूर तो छापत असे आणि रेल्वेच्या वाटेने तो गावोगाव जाई. भीमने तिथे काम केले, आणि काम करता करता हिंदी, उर्दू आणि इंग्रजी वाचायला तो शिकला. पुढे पोलिसांनी विठोबाला पकडले आणि छापखाना बंद पडला. भीमला पुन्हा पळावे लागले, ते थेट आसामपर्यंत.

आता चित्रपटाचा शेवट पुन्हा आठवून पाहावा. तिथे भीम अक्षरे मागतो आणि राम ती देणारा ठरतो. मोठ्या घरचा शहाणा मित्र आणि रानातला भोळा मित्र अशी दोघांची वाटणी होते. काही आदिवासी अभ्यासकांनी यावर नाराजी दाखवली, ती आम्हाला रास्त वाटते. हकिगतीतला भीम विशीतच छापखान्यात उभा आहे, हाताला शाई लागलेली आहे. त्याला अक्षर मिळाले ते बक्षीस म्हणून नाही, एका जोखमीच्या कामातल्या भागीदारीतून मिळाले. तुरुंगाची भीती दोघांना सारखीच होती, आणि आधी तुरुंगात गेला तो विठोबा.

कागद कुणाच्या हाती

भीमला अक्षरे इतकी का महत्त्वाची होती हे समजायला आदिलाबादच्या जमिनीची गोष्ट थोडी तपशिलात सांगावी लागेल. ती सांगताना आमच्याच समाजाकडे पाहावे लागते.

आदिलाबादचे राज गोंड नांगर धरून शेती करणारे लोक. जमीन मुबलक होती तेव्हा ती कुणाच्या नावावर आहे हा प्रश्नच नव्हता. एका जागी काही वर्षे पिकवायचे, मग ती पडीत टाकून दुसरीकडे जायचे आणि पुन्हा परत यायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत निजाम सरकारने दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. जंगलाच्या हद्दी आखून ते राखीव केले, आणि शेतजमिनीची मोजणी करून पट्टे देण्यास सुरुवात केली. गोंडांनी पडीत टाकलेली शेते कागदावर जंगल ठरली. जी शेते उरली ती ज्याने अर्ज केला त्याच्या नावे लागली. ज्याला अर्ज म्हणजे काय हे ठाऊक नव्हते तो आपल्याच शेतात 'सिवाय जमाबंदी'चा, म्हणजे सरकारच्या मर्जीवरचा, वाहिवाटदार झाला. गुरे चारायला कर, लाकूड तोडायला कर, आणि त्यावर अंमलदाराचा हात ओला करणे वेगळेच.

पट्टे मग कुणाला मिळाले? लोहमार्ग आणि सडका झाल्यावर बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांना, सावकारांना, वतनदारांना. त्यांत तेलुगू होते, मुसलमान होते आणि मराठीही पुष्कळ होते. आदिलाबादचा उत्तर-पश्चिम भाग मराठी बोलणारा. राजुरा आणि किनवट हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. त्या भागात गावचे दप्तर लिहिणारा पटवारी अनेकदा मराठी असे. गोंड माणूस त्याच्याशी मराठीत बोलत असे, पण त्याने काय लिहिले हे त्याला वाचता येत नसे. आपल्याकडे लेखणीच्या जोरावर जगणाऱ्या घरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

हैदराबादेतल्या मराठी समाजाने अक्षराच्या बळावर फार मोठी कामे केली आहेत. नामपल्लीच्या स्टेशनाचे आणि विवेकवर्धिनीचे जन्मवर्ष एकच, १९०७. उर्दूच्या राज्यात मातृभाषेतून शिकण्यासाठी केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने जे कष्ट घेतले त्याचा आम्ही दर गणेशोत्सवात अभिमानाने उल्लेख करतो, आणि करायलाच हवा. त्याच काळात, त्याच राज्याच्या उत्तर टोकाला, तेच अक्षर कुणाची तरी जमीन काढून घेत होते. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत. एक म्हटल्याने दुसरे पुसले जात नाही.

बारा गावे

आसामात मजुरांच्या बाजूने उभे राहिल्याबद्दल भीमला कैद झाली. तिथून निसटून तो मालगाडीने बल्लारशाहला आणि मग आपल्या मुलखात परतला. देवाडम गावच्या लच्छू पटेलाकडे तो कामाला राहिला. तिथे त्याने काय केले हे बघण्यासारखे आहे. पटेलाचा जमिनीचा एक दावा आसिफाबादच्या कचेरीत अडकला होता. कागद वाचू शकणाऱ्या भीमने तो मार्गी लावून दिला. चांद्याच्या छापखान्यातली शिदोरी इथे कामी आली, आणि आसपासच्या गावांत त्याचा शब्द चालू लागला.

पुढे भाऊबंदांना घेऊन त्याने बाबेझरीला जंगल साफ करून शेते केली. जंगल खात्याने झोपड्या जाळून त्यांना हाकलले. त्यांनी पुन्हा पेरणी केली, पुन्हा अर्ज केले. गोंड सांगतात की भीम फिर्याद घेऊन खुद्द हैदराबादला आला होता, पण निजामाची भेट काही झाली नाही. बंड हा त्याचा पहिला उपाय नव्हता. अर्ज, दावा आणि फिर्याद या तिन्ही वाटा त्याने आधी चालून पाहिल्या होत्या.

मग जोडेघाट, बाबेझरी, पटनापूर, टोकेनमोवाड अशी बारा गावे एकत्र आली. जल, जंगल, जमीन ही घोषणा तिथली. सरकार बोलणी करायला आले तेव्हा या बारा गावांना पट्टे देण्याची तयारी दाखवली असे हकिगत सांगते. ज्या कागदासाठी इतकी वर्षे गेली तो कागद समोर आला होता. भीमने तो घेतला नाही. बारा गावांपुरते भागवून बाकीच्या गोंडांना तसेच सोडायला तो तयार नव्हता. आपल्या मुलखात आपला कारभार, आणि तुरुंगातल्या माणसांची सुटका, ही त्याची मागणी होती.

पोलीस जोडेघाटला पोचले ते गावच्याच एका माणसाने वाट दाखवल्यामुळे, असे म्हणतात. अश्विनाच्या पौर्णिमेची रात्र होती. बंदुकांपुढे काठ्या, कोयते आणि भरमार बंदुका किती टिकणार? भीम आणि त्याचे अनेक साथीदार तिथे पडले. कुमरम सुरू हा त्याचा सोबती वाचला आणि ही कहाणी पुढच्या पिढ्यांना सांगायला मागे राहिला. पडद्यावर मैत्रीची कसोटी आगीत आणि पुरात लागते. जोडेघाटला ती एका पट्ट्याच्या कागदावर लागली होती.

त्यानंतर

गोळीबारानंतर निजाम सरकारला एवढे कळले की गोंडांचे काय चालले आहे हे कुणीतरी नीट पाहिले पाहिजे. हे काम क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. महायुद्धामुळे शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरून तो हैदराबाद राज्यात अडकला होता. तो आणि त्याची पत्नी बेटी मर्लवाई गावी गोंडांत जाऊन राहिले. पट्टे कसे गेले, दप्तरात काय लिहिले गेले, हे त्याने सरकारच्याच अहवालात स्पष्ट लिहिले. त्यानंतरच्या काही वर्षांत हजारो आदिवासी कुटुंबांच्या नावे जमिनी लागल्या. मर्लवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले, गोंडीची पहिली वाचनपुस्तके तयार झाली, आणि ती छापली गेली देवनागरीत, कारण त्या मुलखाला मराठीमुळे ती लिपी ओळखीची होती. जे अक्षर पटवाऱ्याच्या वहीत परके होते ते आता गोंड मुलाच्या पाटीवर आले.

याच कामात पुढे एक मराठी अधिकारी आला. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण सेतुमाधवराव पगडींना ओळखतो. निलंग्यात जन्मलेले, हैदराबादच्या मुलकी सेवेतले हे गृहस्थ आदिलाबादेत आदिवासी कामाचे अधिकारी होते हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते गोंडी शिकले, कोलामी शिकले, दोन्ही भाषांवर त्यांनी लिहिले, आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक केले. सरकारी माणूस गोंडाशी गोंडीत बोलतो, ही त्या मुलखाने क्वचितच पाहिलेली गोष्ट. चांद्याचा विठोबा आणि निलंग्याचे पगडी यांच्यामध्ये वीस-पंचवीस वर्षांचे अंतर आहे. एक सरकारविरोधी छापणारा, दुसरा सरकारच्या खुर्चीतला. तरी दोघांनी अक्षराचा उपयोग एकाच बाजूने केला.

आणि कागजनगर? निजामाच्या राजवटीतच, १९३८ साली स्थापन झालेल्या सिरपूर कागद गिरणीवरून त्या गावाला हे नाव पडले. कागदासाठी बांबू लागे तो आदिलाबादच्याच जंगलातला. दक्षिण एक्सप्रेसने जाताना त्या स्टेशनची पाटी दिसली तर क्षणभर वाचावी. गोंडांचे जंगल कागदावर गेले आणि जंगलाचा कागद झाला, हे दोन्ही तिथे एका शब्दात लिहिलेले आहे.

आमच्या आठवणीतला संग्राम

दर १७ सप्टेंबरला आम्ही हैदराबाद मुक्तिसंग्राम आठवतो. त्या आठवणीची सुरुवात बहुधा १९३८ पासून होते : उस्मानिया विद्यापीठातली वंदे मातरम् चळवळ, स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह, स्वामी रामानंद तीर्थ. मग एकदम १९४७ येते : रझाकार, सरहद्दीपलीकडची शिबिरे, घरदार सोडून मध्य प्रांतात आणि मुंबई इलाख्यात गेलेली कुटुंबे. आमच्यापैकी अनेकांच्या घरात या गोष्टी आजीच्या तोंडून आलेल्या आहेत. मधले १९४० त्यात सहसा येत नाही. निजामाच्या हद्दीतून पळून सरहद्दीपलीकडे आसरा शोधणारा भीम आमच्या आजोबांच्या पंचवीस-सत्तावीस वर्षे आधी त्याच वाटेने गेला होता, तरी त्याला आम्ही आमच्या संग्रामात धरले नाही. त्याचे बंड 'जंगलातले', आमचे 'राजकीय', अशी वाटणी आम्ही न बोलता करून टाकली होती.

'आरआरआर'ने ती वाटणी मोडली, हे त्या चित्रपटाचे आमच्यावरचे ऋण. राज्यातल्या एका जिल्ह्याला २०१६ पासून कोमरम भीमचे नाव आहे, जोडेघाटला स्मारक आणि संग्रहालय आहे. पण नातवंडांना उत्तर द्यायचे तर चित्रपटाच्या पुढे जाऊन द्यावे लागेल. त्यांना सांगावे की भीमचा मित्र पोलीस अधिकारी नव्हता, छापखानेवाला होता आणि तो मराठी मुलखातला होता. हेही सांगावे की भीमची शेते ज्या वह्यांतून गेली त्यांतल्या काही मराठीत होत्या. पहिले सांगितल्यावर दुसरे सांगायला जीभ अडखळते खरी. पण दोन्ही ऐकलेल्या मुलाला चित्रपट पुन्हा पाहताना अधिक काही दिसेल.

अश्विन पौर्णिमा म्हणजे आपली कोजागरी. आपण गच्चीवर मसाला दूध आटवत बसतो त्या दिवशी दरवर्षी जोडेघाटला गोंड, कोलाम, परधान दूरदूरच्या गावांतून जमतात, भीमच्या समाधीवर ध्वज चढवतात आणि ढोल वाजवतात. नामपल्लीहून आसिफाबाद एका रात्रीच्या आतले आहे. यंदाच्या कोजागरीला मंडळाची एक बस तिकडे न्यावी, असे आम्ही या स्मरणिकेच्या निमित्ताने सुचवतो. गोंडांच्या त्या पिढीतल्या वृद्धांना अजून मराठी येते. आपल्याला गोंडीचे दोन शब्द शिकून जाता येतील.